वाचक विचारतात : तीन दिवस कंपाइल केलं, तरी मोटर अडखळतेच

या खेपेच्या पत्रांपैकी एक इतकं तपशीलवार आहे, की जास्तीची जागा त्यालाच जाणार. बाकीच्यांनी राग मानू नये. एक आधीच सांगते : आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते, कारण वर्कशॉपमधली पोरं मला फोनवर तशाच विचारतात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोटी अक्षरं. 'डॅश' म्हटलंय तिथं मधली आडवी रेघ, 'अधोरेघ' म्हटलंय तिथं खालची. आणि नवख्यांसाठी : कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, रिअल-टाइम कर्नेल म्हणजे वेळेवर काम करणारं, आणि कंपाइल करणं म्हणजे ते सोर्सवरून स्वतः बांधणं.

प्रश्न : ताई, नमस्कार. इचलकरंजीत आमचं लहान वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग करतो. जुन्या मिलिंग मशीनला तीन स्टेपर मोटरी आणि पाच मिलिमीटर पिचचे बॉलस्क्रू बसवले. एका ऑफिसातून निघालेला चार कोअरचा पीसी घेतला, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी टाकलं. पल्स पॅरलल पोर्टवरून देतो, ड्राइव्ह एक-अष्टमांश मायक्रोस्टेपवर आहेत. मशीन चालतं, पण जलद सरकताना मधेच मोटर 'कर्र' करून अडते आणि जॉब भंगारात जातो. एकानं सांगितलं, रिअल-टाइम कर्नेल सोर्सवरून कंपाइल कर. कर्नेल ६.१२ उतरवलं. पहिल्या दिवशी सर्टिफिकेटची फाइल नाही म्हणून मेक (बांधणीची आज्ञा) अडलं. दुसऱ्या दिवशी डिस्क भरली. तिसऱ्या दिवशी बूटचं पार्टिशन भरलं. रात्री अकराला नवं कर्नेल सुरू झालं, पण मोटरचं अडणं होतं तसंच आहे. पीसीला किती उशीर होतो ते मोजणाऱ्या सायक्लिकटेस्टचा फोटो पाठवतोय : सरासरी ७, कमाल ९४० मायक्रोसेकंद. सरासरी तर झकास आहे. मग चुकलं कुठं? की पीसीच बदलू?
— एक वर्कशॉपवाले, इचलकरंजी

उत्तर : दादा, तुमच्या फोटोत सायक्लिकटेस्टच्या वर एक ओळ अर्धी कापली गेलीय. मी आधी तीच वाचली. तुम्ही 'यूनेम डॅश व्ही' दिलं होतं आणि उत्तर आलं होतं 'एसएमपी प्रीएम्प्ट अधोरेघ डायनॅमिक'. कर्नेल रिअल-टाइम असतं, तर तिथं 'प्रीएम्प्ट अधोरेघ आरटी' असं आलं असतं. म्हणजे तीन दिवस खपून तुम्ही जे बांधलंत ते साधं कर्नेल आहे. ताजं आहे, तुमच्या हातचं आहे, पण साधं.

यात तुमची चूक थोडी आणि मेनूची जास्त. ६.१२ पासून रिअल-टाइमचा भाग मूळ कर्नेलमध्येच आहे, वेगळा पॅच लावावा लागत नाही, हे तुम्हाला कुणीतरी बरोबर सांगितलंय. पण तो पर्याय लपलेला असतो. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नेलचे पर्याय निवडायच्या मेनूत, 'जनरल सेटअप' खाली तज्ज्ञांसाठी म्हणून एक खूण आहे, 'कॉन्फिगर स्टँडर्ड कर्नेल फीचर्स, एक्स्पर्ट युजर्स'. ती लावल्याशिवाय 'फुली प्रीएम्प्टिबल कर्नेल, रिअल-टाइम' ही ओळ पडद्यावर येतच नाही. माणूस ती शोधतो, सापडत नाही, मग जवळची दिसणारी 'लो लेटन्सी डेस्कटॉप' निवडतो आणि पुढे जातो. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, आणि मला तर कळायला आठवडा लागला.

आता तुमच्या सरासरीबद्दल. ती विसरा. मशीन सरासरीवर चालत नाही. तुमचाच हिशेब करू. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, गुणिले ८ मायक्रोस्टेप म्हणजे १६००. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर, म्हणजे दर मिलिमीटरला ३२० पल्स. टेबल मिनिटाला १८०० मिलिमीटरनं सरकवलं, तर सेकंदाला ३० मिलिमीटर, म्हणजे ९६०० पल्स. दोन पल्समधलं अंतर १०४ मायक्रोसेकंद. आणि तुमचा पीसी कधीतरी ९४० मायक्रोसेकंद गायब होतो. तेवढ्यात नऊ पल्सचा पत्ताच नाही. रोटर आपला वेग हरवतो, आणि पीसी शुद्धीवर येऊन एकदम पूर्वीच्याच वेगानं पल्स मारायला लागतो. थबकलेली मोटर त्या वेगाला एका झटक्यात पोचूच शकत नाही. तो जो 'कर्र' आवाज येतो तो हाच. हजारातल्या नऊशे नव्याण्णव वेळा ७ मायक्रोसेकंद लागले म्हणून जॉब वाचत नाही, उरलेली एक वेळच तो खाते.

म्हणून आधी मोजणं. आणि मोजताना पीसीला स्वस्थ बसू द्यायचं नाही. लिनक्ससीएनसीबरोबर 'लेटन्सी डॅश हिस्टोग्राम' येतो, तो चालू करा. मग मोठी फाइल कॉपी करा, ब्राउझर उघडा, खिडक्या इकडून तिकडे ओढा, पेनड्राइव्ह काढा-घाला. जेवून या. निदान तासभर तरी चालू दे. मी तर रात्रभर ठेवते. त्यानंतर जो कमाल आकडा दिसेल तो तुमच्या पीसीचा खरा स्वभाव. पॅरलल पोर्टवरून पल्स द्यायचे, तर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. ३० ते ५० पर्यंत काम होतं, वेग थोडा आवरता घ्यावा लागतो. १०० च्या वर गेलं की तो पीसी या कामाचा नाही. ही लिनक्ससीएनसीवाल्यांचीच मोजपट्टी आहे आणि माझा अनुभवही तोच आहे.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. तुम्हाला कंपाइल करायची गरजच नव्हती. डेबियनमध्ये रिअल-टाइम कर्नेल तयार मिळतं : 'लिनक्स डॅश इमेज डॅश आरटी डॅश एएमडी६४'. एक 'एपीटी इन्स्टॉल', एक रीबूट, दहा मिनिटांचं काम. इंटेलचा प्रोसेसर असला तरी नाव एएमडी६४च असतं, दचकू नका. आजच ते टाका, पीसी सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून ते निवडून सुरू करा, यूनेम बघा, आणि पुन्हा तासभर मोजा. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ मशीनची गोष्ट इथंच संपते.

पण मला माहितेय, तीन दिवस घालवलेला माणूस असा ऐकणार नाही. आणि कधीकधी खरंच बांधावं लागतं : बोर्ड इतका नवा असतो की डेबियनचं कर्नेल त्याचं नेटवर्क ओळखत नाही, किंवा एखादा पर्याय बदलूनच हवा असतो. तर मी कसं करते ते सांगते. तुम्ही जिथं जिथं अडलात तिथं जरा थांबूनच सांगते.

साहित्य आधी जमवा : बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, आरसिंक, डेबहेल्पर, आणि एनकर्सेस, एसएसएल, एल्फ या तिघांच्या डेव्हलपमेंट फाइली. कर्नेल नेहमी 'लाँगटर्म' मालिकेतलं घ्यायचं, ६.१२ तसं आहे, निवड बरोबर केलीत. सोर्स उघडल्यावर डेबियनची चालू कॉन्फिग फाइल बूटच्या फोल्डरमधून आणून 'डॉट कॉन्फिग' नावानं ठेवायची आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' द्यायचं, म्हणजे जुनी उत्तरं राहतात आणि नव्या प्रश्नांना कर्नेल स्वतःची नेहमीची उत्तरं भरतं.

तुमची सर्टिफिकेटची एरर इथूनच आली. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये त्यांच्या सहीच्या फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. ती फाइल त्यांच्या घरी आहे, तुमच्या नाही. मेक ती शोधत बसतं आणि 'ही बनवायचा नियम नाही' म्हणून हात वर करतं. सोर्सच्या फोल्डरमधून 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग डॅश-डॅश सेट डॅश एसटीआर सिस्टिम अधोरेघ ट्रस्टेड अधोरेघ कीज' देऊन पुढे रिकामे अवतरण द्यायचे (पर्यायाचं नाव तेवढं मोठ्या अक्षरांत). तसंच 'सिस्टिम अधोरेघ रिव्होकेशन अधोरेघ कीज'चं. संपलं.

डिस्क भरली ती डीबगच्या माहितीनं. वितरणाचं कर्नेल दोष शोधायच्या माहितीसकट बांधतात, आणि तीच कॉन्फिग उचलली की बिल्डचा फोल्डर सहज पंधरा-वीस जीबी खातो. मेनूकॉन्फिगमध्ये 'कर्नेल हॅकिंग' खाली डीबग इन्फर्मेशन 'डिसेबल' करा. बूटचं पार्टिशनही त्याच पापानं भरलं. तुम्ही 'मेक मॉड्यूल्स अधोरेघ इन्स्टॉल' दिलं असणार, त्यात मॉड्यूलं (कर्नेलचे सुटे भाग) डीबगच्या चरबीसकट जातात आणि त्यांच्यापासून बनणारं, बूटच्या वेळी लागणारं इनिटआरडी फुगतं.

म्हणून मी ते करतच नाही. मी 'मेक डॅश जे४ बिनडेब डॅश पीकेजी' देते. त्यातून बाहेरच्या फोल्डरमध्ये डेबच्या फाइली तयार होतात, त्यातली 'लिनक्स डॅश इमेज' आणि 'लिनक्स डॅश हेडर्स' डीपीकेजीनं बसवायच्या. ग्रबची यादी आपोआप ताजी होते, आणि नको झालं की एपीटीनं उचकटून टाकता येतं. 'लोकल व्हर्जन' मध्ये स्वतःचं काहीतरी शेपूट लावा. माझ्या कर्नेलांना मशीनचं आणि महिन्याचं नाव असतं. नाहीतर सहा महिन्यांनी तीन कर्नेलं समोर दिसतात आणि कुठलं कुणाचं ते आठवत नाही.

वेळ वाचवायला एक युक्ती आहे, 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. या क्षणी जी मॉड्यूलं चालू आहेत तेवढीच ठेवायची, बाकी सगळी गाळायची. तासाभराचं बिल्ड पंधरा मिनिटांवर येतं. पण त्या क्षणी जे जोडलेलं नाही ते गेलं समजा. मी एकदा घरी निवांत बसून असं कर्नेल बांधलं, शिरोलीला नेऊन बसवलं, आकडे पाहून खूश झाले. ऑपरेटरनं सकाळी पेनड्राइव्ह लावला, तर मशीन म्हणतं पेनड्राइव्ह म्हणजे काय. त्यांचे सगळे प्रोग्राम पेनड्राइव्हवरूनच यायचे. ती आज्ञा देण्याआधी पेनड्राइव्ह, पोर्टचं कार्ड, प्रिंटर, जे जे वर्षभरात लागेल ते सगळं लावून ठेवा.

मग तज्ज्ञांची ती खूण, मग रिअल-टाइम, मग सेव्ह. मेक द्यायच्या आधी डॉट कॉन्फिग उघडून 'कॉन्फिग अधोरेघ प्रीएम्प्ट अधोरेघ आरटी' पुढं 'वाय' आहे का ते डोळ्यांनी बघा. एवढी एक ओळ बघितली असती तर तुमच्या तीन रात्री वाचल्या असत्या. जुनं कर्नेल काढू नका. आणि पीसीत सिक्युअर बूट चालू असेल, तर तुमच्या बिनसहीच्या कर्नेलला ग्रब दारातच अडवेल. वर्कशॉपच्या मशीनवर मी ते सरळ बंद करते.

आता खरा मुद्दा, जो कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. रिअल-टाइम कर्नेल बसवूनही तुमचा कमाल आकडा शंभराच्या खाली आला नाही, तर कर्नेलच्या मागं लागू नका. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जा.

आमच्याकडं २०१२ च्या सुमारास एक लाकडी पॅटर्न करणारं मशीन होतं. तेव्हा लिनक्ससीएनसी उबुंटू १०.०४ च्या सीडीवर यायचं, आतमध्ये आरटीएआय हे वेगळ्या घराण्यातलं रिअल-टाइम कर्नेल. आकडा सुरेख, बारा मायक्रोसेकंद. पण दर मिनिटाभरानं एकदा तो उसळी मारून दोनशेच्या पलीकडे. गिअरबॉक्सच्या पॅटर्नवर ठरावीक अंतरानं बारीक पायऱ्या उमटायच्या, जणू कुणी मोजून काढल्यात. मी कर्नेल चार वेळा बांधलं. रॅम बदलली. वायरमनला दोष दिला, त्यानं अर्थिंग नव्यानं ओढून दिलं आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी बायोसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद केला आणि उसळी गेली. इतकंच होतं.

यामागे असतो एसएमआय, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. मदरबोर्डाचं फर्मवेअर प्रोसेसर आपल्या ताब्यात घेतं, काहीबाही उरकतं आणि परत देतं. कर्नेलला विचारत नाही, सांगतही नाही. भाडेकरूनं कितीही कुलपं लावली तरी घरमालकाकडं दुसरी किल्ली आहेच. म्हणून रिअल-टाइम कर्नेल कितीही नीट बांधा, या मालकापुढं त्याचं चालत नाही. हे पकडायला 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' आहे, आरटी-टेस्ट्स पॅकेजमध्ये सायक्लिकटेस्टच्याच शेजारी मिळतो. दहा-पंधरा मिनिटं चालवा. त्यानंच मोठे आकडे दाखवले, तर दोष बोर्डाचा आहे, तुमचा नाही.

बायोसमध्ये मी बंद करते ते असं : सी-स्टेट्स, स्पीडस्टेप आणि टर्बो, हायपरथ्रेडिंग, यूएसबी लेगसी, आणि न वापरलेले ऑडिओ-बिडिओ. बायोसमध्ये सी-स्टेट्स सापडत नसतील, तर ग्रबच्या ओळीत 'इंटेल अधोरेघ आयडल डॉट मॅक्स अधोरेघ सीस्टेट बरोबर १' लिहा. प्रोसेसर गाढ झोपला की उठायला वेळ घेतो, आपल्याला तो झोपूच द्यायचा नाही. त्याच ओळीत 'आयसोलसीपीयूज बरोबर ३' लिहिलं की चौथा कोअर (मोजणी शून्यापासून) इतर कामांतून बाजूला निघतो आणि लिनक्ससीएनसी आपली घाईची कामं तिथं करतं. एसएमआयच सॉफ्टवेअरनं कायमचा बंद करायच्या युक्त्या फिरतात, त्या करू नका. काही बोर्डांवर प्रोसेसर तापला तर वाचवण्याचं कामही तोच करतो.

ग्राफिक्सचं वेगळं कार्ड घातलं असेल तर काढा. कार्ड बनवणाऱ्याचा बंदिस्त ड्रायव्हर रिअल-टाइम कर्नेलवर बसताना कटकट करतो आणि बसला तर आकडा बिघडवतो. बोर्डावरचं साधं ग्राफिक्स पुरे.

एवढं सगळं करून कमाल आकडा चाळीसच्या आसपास आला तर मशीन वापरा, वेग थोडा कमी ठेवा. शंभरवरच अडला तर पीसी बदलायच्या आधी एफपीजीए असलेलं कार्ड घ्यायचा विचार करा, मेसा कंपनीचं घेतात बरेच जण. मग पल्स कार्ड स्वतः काढतं, पीसीनं मिलिसेकंदाला एकदा फक्त सूचना द्यायच्या, आणि तिथं शंभर मायक्रोसेकंदांची चुकामूक खपून जाते. खर्च आहे. पण वाया गेलेल्या जॉबचं लोखंडही फुकट येत नाही.

आणि पत्रात लिहिलं नाहीये म्हणून विचारते : इमर्जन्सी स्टॉपचं बटण कुठं जोडलंय? पीसीच्या इनपुटला जोडलं असेल तर आज संध्याकाळी बदला. ते थेट ड्राइव्हचा पुरवठा तोडणाऱ्या काँटॅक्टरवर पाहिजे. पीसीला फक्त कळवायचं, विचारायचं नाही.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रिअल-टाइम कर्नेल म्हणजे जास्त वेगवान कर्नेल ना? मग सगळ्याच लॅपटॉपवर ते का देत नाहीत? मी माझ्या प्रोग्रामला ९९ प्रायॉरिटी दिली तर लॅपटॉप गोठल्यासारखा झाला.

उत्तर : वेगवान नाही. उलट एकूण काम किंचित कमीच होतं. रिअल-टाइम म्हणजे वेळेवर. एसटी दर खेपेला पावणेदोन तासांत पोचते म्हणजे काय, आणि एखाद्या दिवशी सव्वा तासात, एखाद्या दिवशी चार तासांत पोचते म्हणजे काय, हे तुम्हाला घरी येताना कळत असेलच.

आत काय बदलतं ते आमच्या वडिलांच्या उद्यमनगरातल्या शेडवरून सांगते. शेडमध्ये व्हर्निअर एकच. हेल्पर पोरानं तो मापाला घेतलाय. मोठ्या मिस्त्रींना तातडीनं पाहिजे, पण पोराचं माप होईपर्यंत ते थांबतात. इथवर ठीक. तेवढ्यात मधला सुपरवायझर पोराला म्हणतो, "आधी चहा सांगून ये." पोरगा व्हर्निअर खिशात घालून चहाला जातो. आता शेडमधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस चहासाठी खोळंबलाय, आणि सुपरवायझरला त्याचा पत्ताही नाही. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. वडिलांचा नियम होता : मिस्त्री ज्याची वाट बघतायत त्या पोराला व्हर्निअर हातातून सुटेपर्यंत कुणी काम सांगायचं नाही, तेवढ्यापुरता त्याला मिस्त्रींचा मान. ही झाली प्रायॉरिटी इनहेरिटन्स. रिअल-टाइम कर्नेलमध्ये बहुतेक स्पिनलॉकच्या (जागेवर फिरत वाट बघायला लावणाऱ्या कुलपांच्या) जागी हा नियम पाळणारी, झोपू शकणारी कुलपं येतात, आणि इंटरप्टची बहुतेक कामं वेगळ्या थ्रेडमध्ये जातात, म्हणजे त्यांनाही रांगेत उभं करता येतं.

एवढं सांगायला सोपं, पण मूळ कर्नेलमध्ये शिरायला त्याला २० वर्षं लागली. इंगो मोल्नारचे पॅच २००४ मधले, नंतर थॉमस ग्लाइक्सनर यांनी ते काम खांद्यावर घेतलं. शेवटचा अडसर काय होता माहितेय? प्रिंटके, म्हणजे कर्नेलनं पडद्यावर एक ओळ लिहिणं! सिरियल पोर्टवर १,१५,२०० च्या वेगानं एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, ऐंशी अक्षरांची ओळ म्हणजे जवळजवळ ७ मिलिसेकंद. तेवढा वेळ सगळं खोळंबून कसं चालेल? ते निस्तरलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी ते काम मूळ कर्नेलमध्ये घेण्याची शेवटची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून, रिबन बांधून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सच्या हातात दिली. नोव्हेंबरमध्ये ६.१२ बाहेर पडलं. पॅच शोधत रात्री जागवलेल्या आमच्यासारख्यांना तो फोटो बघून काय वाटलं ते सांगत नाही.

तुमच्या ९९ बद्दल : प्रोग्राममध्ये कुठं झोपायची ओळ नाहीये, बरोबर? अखंड फिरणाऱ्या लूपला ९९ दिली की तो कोअर कुणालाच देत नाही. कर्नेल बाकीच्यांसाठी दर सेकंदातले जेमतेम ५० मिलिसेकंद राखून ठेवतं, म्हणून लॅपटॉप मेला नाही, नुसता गोठल्यासारखा झाला. ८० पुरे आहे. आणि सुरुवातीलाच 'एमलॉकऑल' करा, नाहीतर ऐन वेळी मेमरीचं पान डिस्कवरून आणायला जाईल.

प्रश्न : नाशिकला घरी पखवाज आणि हार्मोनियम रेकॉर्ड करतो. मधूनमधून 'टक्' असा आवाज येतो. मीही रिअल-टाइम कर्नेल कंपाइल करू का?

उत्तर : नको. बफर २५६ आणि वेग ४८,००० असेल तर तुमच्या हातात दर खेपेला ५.३ मिलिसेकंद आहेत. वरच्या इचलकरंजीकरांचा तो बदनाम ९४० मायक्रोसेकंदांचा पीसीसुद्धा त्यात बसतो. ग्रबच्या ओळीत 'प्रीएम्प्ट बरोबर फुल' आणि 'थ्रेडआयआरक्यूज' लिहा, स्वतःला ऑडिओ गटात घालून रिअल-टाइम प्रायॉरिटीची परवानगी द्या, प्रोसेसरचा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद. तरीही टक् येत राहिलं तर साउंडकार्ड यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. मला वाटतं तिथंच मिटेल.

प्रश्न : फोंड्याहून लिहितो. रास्पबेरी पाय ४ वर रिअल-टाइम कर्नेलचं मेक रात्री लावलं, सकाळपर्यंत संपलं नाही आणि पाय तापून हळू झालाय. किती वेळ लागायचा?

उत्तर : पायवर बांधूच नका. लॅपटॉपवर 'क्रॉसबिल्ड डॅश इसेन्शियल डॅश एआरएम६४' टाका, रास्पबेरी पायच्या स्वतःच्या सोर्सची ६.१२ ची शाखा घ्या, आणि मेकला आर्किटेक्चर एआरएम६४ आहे नि कंपाइलरचा उपसर्ग कोणता ते सांगा. पाय ४ साठी 'बीसीएम२७११ अधोरेघ डेफकॉन्फिग', पाय ५ साठी २७१२. तज्ज्ञांची खूण इथंही लागते. मॉड्यूलं कार्डाच्या रूट पार्टिशनवर बसवा. तयार झालेली इमेज मात्र जुन्या 'कर्नेल८' वर लिहू नका. वेगळ्या नावानं बूटच्या पार्टिशनमध्ये ठेवा आणि कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये 'कर्नेल बरोबर' पुढं ते नाव द्या. बिघडलं तर कार्ड लॅपटॉपला लावून ती एक ओळ खोडायची.

आणि पाय हळू झालाय तो नुसता तापून नसेल. मोबाइलचा चार्जर लावलाय का? व्होल्टेज पडलं की पाय आपला वेग उतरवतो, मग सायक्लिकटेस्टचे आकडे काहीच सांगत नाहीत. 'व्हीसीजेनसीएमडी गेट अधोरेघ थ्रॉटल्ड' देऊन शून्य येतंय का बघा. नसेल येत तर आधी ॲडॅप्टर बदला, मग मला आकडे पाठवा.